सरकारी पाठ आणि माझा पाय

मी पायाळू आहे हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, विषय क्रमांक चारवर चर्चा चालू असताना. माणसाला स्वतःविषयी इतकी खाजगी गोष्ट कळायची ही जागा नव्हे. पण आमच्याकडं खाजगी गोष्टी आधी सोसायटीला कळतात आणि मग ज्याच्या त्याला.

विषय क्रमांक चार बोअरचा होता. वडगाव मावळात आमची ‘इंद्रायणी दर्शन’ नावाची सोसायटी आहे. तिच्या नळाला इंद्रायणी येत नाही आणि खिडकीतून दर्शन होत नाही. मे सरत आला होता, टाकी तळाला गेली होती आणि टँकरवाल्यानं फोन उचलणं बंद केलं होतं. मी सोसायटीचा सचिव. एका शाळेत वरिष्ठ लिपिक असल्यामुळं अर्ज, जावक क्रमांक आणि शिक्के यांची मला भीती वाटत नाही, एवढ्याच पात्रतेवर माझी बिनविरोध निवड झालेली. बोअर घ्यायचं यावर एकमत होतं. ते कुठं घ्यायचं यावर मात्र चोवीस फ्लॅटची सव्वीस मतं होती.

तळमजल्यावरचे गोरख गायकवाड म्हणाले, यंत्र लावून जमिनीचा सर्व्हे करणारी माणसं असतात, त्यांना बोलवा. गोरखराव लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. सबंध नोकरी लाल की हिरवा एवढंच पाहण्यात गेल्यामुळं त्यांच्या बोलण्यात मधला रंग नसतो. दुसरी बाजू म्हणाली, सर्व्हे कशाला, पाणाड्या आणू. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून फिरतो आणि नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी सांगतो. यावर अर्धा तास वाद झाला. माझी आई, नंदाबाई, कुरवंड्याहून चार दिवसांसाठी आली होती. घरात एकटीला करमेना म्हणून ती मागच्या खुर्चीवर येऊन बसली होती. तिला सभेत बोलायचा अधिकार नव्हता, पण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

“बाहेरचा मानूस कशापायी?” ती म्हणाली. “आमचा आदिनाथ पायाळू हाय की.”

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो माणूस. अशा माणसाला जमिनीच्या पोटातलं दिसतं, आणि त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडं मानतात. सगळ्यांनी वळून माझ्या पायांकडं पाहिलं. मीही पाहिलं. सँडलमधले ते दोन पाय मला पहिल्यांदाच परके वाटले.

मी विरोध केला. मी म्हणालो की मी विज्ञान शाखेचा, बारावीपर्यंत का होईना, विद्यार्थी आहे. पण सचिवाचा विरोध इतिवृत्तात सचिवानंच लिहायचा असतो, त्यामुळं त्याला वजन राहत नाही. ठराव मंजूर झाला. सर्व्हेचं काम करणाऱ्यांना विचारावं, आणि दरम्यान श्री. आदिनाथ कडू यांनी नारळ घेऊन फिरावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तळहातावर नारळ घेऊन सोसायटीच्या आवारात फिरलो. बाल्कन्यांत माणसं उभी होती. माझी बायको स्नेहल स्वयंपाकघरातच थांबली. तिचं म्हणणं असं की लग्नाच्या वरातीनंतर मला इतक्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा निदान घोडा होता. नारळ काही उभा राहिला नाही. तो माझ्या हातावर आळशी पाहुण्यासारखा पडून होता. पार्किंगपाशी एका स्कूटरच्या स्टँडला माझा पाय अडकला, मी पुढं कोलमडलो, आणि नारळ सुटून घरंगळत थेट चेअरमनच्या गाडीच्या मागच्या चाकाला जाऊन टेकला. टेकला तो शेंडी वर करून.

“उभा राहिला,” दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. माझे दोन्ही गुडघे फुटले होते, त्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. गोरखराव म्हणाले की आवाराचा उतारच त्या बाजूला आहे आणि मुलांचे चेंडू रोज तिथंच जातात. पण टाळ्या वाजून गेल्यावर सांगितलेलं सत्य कोणी ऐकत नाही.

त्या दिवसापासून माझं घर माझं राहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या चैतालीताई योगाचा वर्ग घेतात. शिवाय त्यांनी अतींद्रिय शक्तींवरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला आहे. त्यांनी मला समजावलं की अशा शक्तीचे प्रकार असतात. कुणाला लांबचं दिसतं, कुणाला दुसऱ्याच्या मनातलं कळतं, कुणाला पुढं होणारं आधी जाणवतं. माझा प्रकार कोणता ते तपासायला हवं होतं. त्या पंचवीस पत्ते घेऊन आल्या. प्रत्येकावर पाचांपैकी एक चिन्ह, गोल, चौकोन, तारा, फुली नाहीतर लाटा. त्या पत्ता पालथा धरायच्या आणि मी चिन्ह सांगायचं. मी मनापासून सांगितलं. पंचवीसपैकी एकही बरोबर आलं नाही.

मला हायसं वाटलं, पण चैतालीताईंचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, नुसत्या अंदाजानंसुद्धा पाच तरी बरोबर यायला हवेत. एकही न येणं ही साधी गोष्ट नाही. म्हणजे शक्ती आहे, फक्त ती उलटी चालते. स्नेहल आतून म्हणाली की हे तिला पत्ते न लावता माहीत होतं, वीस वर्षं मला भाजी आणायला पाठवून.

मग पाठी सुरू झाल्या. पहिली आली रतनबाई. ती आमच्या गेटवर भाजी विकते. पाटी उचलताना तिची कंबर धरली होती. आईनं तिला उंबऱ्यात उभं केलं, तोंड बाहेर, पाठ आत, आणि मला म्हणाली, डावा पाय लाव, तीनदा. मी एका कष्टकरी, माझ्याहून वयानं मोठ्या बाईला लाथ मारायला साफ नकार दिला. आई म्हणाली, मार कुठं म्हंते, लाव म्हंते. शेवटी मी आधी रतनबाईला वाकून नमस्कार केला, मग पाऊल तिच्या पाठीला तीनदा टेकवलं, मग पुन्हा नमस्कार केला. लाथ मारून पाया पडणारा माणूस त्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच उभा राहिला असेल. दुसऱ्या दिवशी रतनबाई पाटी घेऊन हजर. कंबर मोकळी झाली म्हणाली. गोरखरावांच्या मते दोन दिवसांत ती तशीही मोकळी झाली असती.

त्या आठवड्यात मी अकरा पाठींना पाय लावला. एके दिवशी तर शाळेत जायच्या आधी चार, आल्यावर दोन. पायमोजा घालून लावायचा की अनवाणी, यावर जिन्यात वाद झडले. मोज्यातून गुण उतरत नाही, असा निकाल वरच्या मजल्यावरून आला. काही लोक पाठ चांगली असताना आले. एकीची कानातली कुडी हरवली होती, एकाला मुलाचा बारावीचा निकाल आधी हवा होता. जमिनीखालचं दिसतं त्याला गुणपत्रिका दिसायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं. शनिवारी गोरखराव स्वतः आले. सिलिंडर सरकवताना पाठीत चमक भरली होती. चेहरा लाल सिग्नलसारखा. ते म्हणाले, मी मानत नाही, हे आधी सांगतो. पण शालन ऐकत नाही, आणि प्रयोगाला विज्ञानाची हरकत नसते. शालनवहिनी मागं उभ्या राहून हसू दाबत होत्या. मी पाय लावला. पुढं काय झालं ते गोरखरावांनी मला अजून सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. मैत्री टिकवायची तर काही प्रयोगांचे निष्कर्ष उघडू नयेत.

इथवर सगळं सोसायटीच्या भिंतीआड होतं. बोअरच्या परवानगीसाठी मी गुरुवारी एका सरकारी कार्यालयात गेलो आणि भिंत पडली. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जायचं असतं. अर्ज होता वरिष्ठ सहायक भिकाजी वायकर यांच्या टेबलावर. वायकर खुर्चीत तिरके बसले होते, एका कुल्ल्यावर, ओठ आवळून. त्यांनी माझा अर्ज पाहिला, मग मला पाहिलं, मग टेबलाखाली वाकून पाहायचा प्रयत्न केला, तो त्यांना जमला नाही.

“इंद्रायणी दर्शनचे कडू ना? पायाळू?”

मी म्हणालो की अर्ज बोअरचा आहे. ते म्हणाले, अर्जाचं होईल हो, पण गेले आठ दिवस मला बुटाची नाडी बांधता आलेली नाही. रतनबाई त्यांच्या गल्लीतही भाजी विकत होती. मी स्पष्ट सांगितलं की शासकीय कर्मचाऱ्याला शासकीय वेळेत, शासकीय जागेत मी पाय लावणार नाही, उद्या कोणी काही म्हणालं तर? मला लेखी द्या.

“काय लेखी देऊ?” वायकर कळवळून म्हणाले. “मला लाथ मारण्यास हरकत नाही, असं ना-हरकत प्रमाणपत्र?”

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. मला दया आली. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका दयेतून झाल्या आहेत. आम्ही मागच्या अभिलेख खोलीत गेलो. तिथं उंबरा होता. वायकर रॅकला धरून वाकले, मी सँडल काढली, नमस्कार केला, हळूच पाय टेकवला.

“जरा खाली. डावीकडं,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा टेकवला. “जोर लावा कडू. सरकारी पाठ आहे, एवढ्यानं हलायची नाही.”

तिसऱ्यांदा मी जोर लावला. त्याच क्षणी रॅक हलला, वायकरांचा हात सुटला, आणि ते एकोणीसशे नव्वदच्या फाईलींच्या ढिगावर पालथे पडले. वर मी एक पाय हवेत घेऊन उभा. दारात एक फेटेवाला माणूस मोबाइल समोर धरून उभा होता. त्यानं आम्हाला पाहिलं, आम्ही त्याला पाहिलं, आणि तो निघून गेला.

संध्याकाळी पाचपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर मी होतो. आठ सेकंदांचा तुकडा. आवाज काढून टाकलेला, त्याजागी ढोल-ताशा. एक पांढऱ्या शर्टातला सभ्य माणूस सरकारी साहेबाच्या पाठीत लाथ घालतो आणि साहेब फाईलींत कोसळतो. खाली लिहिलेलं, ‘अखेर मावळचा माणूस पेटला’.

मी पेटलो नव्हतो. मी घरी येऊन चहात बिस्कीट बुडवत होतो. पण शुक्रवारी सकाळी दूधवाल्यानं माझ्याशी हात मिळवला. स्टेशनजवळ तीन अनोळखी माणसांनी मला थांबवून आपापल्या रखडलेल्या कामांची हकीकत सांगितली आणि मी कधी मोकळा आहे विचारलं. एका तरुण मंडळाला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता. श्रीफळ शब्द ऐकून माझे गुडघे ठणकले. सत्तेचाळीस वर्षं मी रांगेत उभा राहिलो, खिडकी बंद झाली तर मुकाट्यानं परत गेलो, आणि लोकांच्या आदराला पात्र ठरलो ते न केलेल्या मारहाणीमुळं.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. संस्थेकडून फोन आला होता. शैक्षणिक संस्थेतील कर्मचाऱ्यास शोभणारं हे वर्तन नाही, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा निलंबनाचा विचार करावा लागेल. ती नोटीस टंकलिखित करायला त्यांनी माझ्याकडंच दिली, कारण शाळेत दुसरा लिपिक नाही. मी स्वतःविरुद्धच्या नोटिशीवर जावक क्रमांक टाकला, दोन ठिकाणचं शुद्धलेखन सुधारलं आणि ती स्वतःलाच देऊन पोच घेतली. निवृत्तीला अकरा वर्षं होती. मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

वायकरांच्या कार्यालयातूनही पत्र आलं. तिथल्या प्रमुख अधिकारी रेणुका मॅडम यांनी दोघांना सोमवारी अकरा वाजता बोलावलं होतं. मी वायकरांना फोन केला. ते म्हणाले, पाठ एकदम सुटलीय कडू, पण तोंड लपवायला जागा नाही. तुम्ही मॅडमना खरं सांगा, मी विनवलं. ते म्हणाले, काय सांगू, कार्यालयात बसून मी अंधश्रद्धा पाळत होतो? मग माझी नोकरी जाईल.

त्या संध्याकाळी गोरखरावांनी माझी परिस्थिती मांडून दाखवली. पाय औषधासाठी लावला म्हणालात तर तुम्ही बुवाबाजी करता. औषधासाठी नव्हता म्हणालात तर सरकारी कर्मचाऱ्याला मारलंत. दोन्हीकडं लाल. चैतालीताई म्हणाल्या, हे संकट तुम्हाला आधी जाणवायला हवं होतं. मी त्यांना माझ्या शक्तीच्या उलट्या दिशेची आठवण करून दिली. कोणी म्हणालं आजारी रजा टाका, कोणी म्हणालं सत्कार घेऊन टाका, पुढं निवडणुकीला उपयोग होईल.

मग स्नेहल म्हणाली, आठ सेकंद गावभर फिरताहेत, पण तो माणूस दारात किती वेळ उभा होता? आधीचं बोलणं त्यात असणारच. ते पूर्ण चित्रण मिळवा. या घरात अतींद्रिय म्हणण्याजोगं काही असेल तर ते तिचं डोकं आहे.

फेटेवाला कोण ते वायकरांनी शिपायाला विचारून सांगितलं. कुरवंड्याचा हनुमंत, आठवडाभर त्याच्या कामासाठी खेपा घालत होता. आई म्हणाली, हनुमंता व्हय, त्यो लोनावळ्याला कनसं भाजतो, मला ठावं हाय कुटं बसतो त्ये.

रविवारी सकाळी आई आणि मी लोणावळ्याला गेलो. पाऊस अजून यायचा होता, पण पर्यटक येऊन पोचले होते. घाटमाथ्याच्या त्या वळणावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीतला माणूस उतरून दरीचा नव्हे, स्वतःचा फोटो काढत होता. हनुमंत त्याच्या शेगडीपाशी होता. मला पाहताच त्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं आणि हात जोडले.

“सायेब, माफी करा. म्या तुमास्नी बघाया न्हवतो आलो,” तो म्हणाला. “चार येळा गेलतो, दर येळी म्हन्ले सायेब जाग्याव न्हाईत. म्हनून म्हन्लं, हायेत का न्हाईत त्याचा पुरावाच घ्यावा. तर सायेब घावले, पर आसं घावले.”

त्यानं ते फक्त गावातल्या गटावर टाकलं होतं. ढोल कोणी लावला त्याला ठाऊक नव्हतं. पूर्ण चित्रण मोबाइलमध्ये होतं, पण मोबाइलमध्ये आणखीही बरंच होतं. त्याच्या म्हशी, त्याच्या म्हशीचं रेडकू, धबधबे, पुतण्याचं लग्न, पुन्हा म्हशी. काचेला तडे गेलेले, बोट एकीकडं लावलं की भलतंच उघडायचं. हनुमंतला गिऱ्हाईक सोडवेना, म्हणून तो भाजत राहिला, आई मोबाइल घेऊन बसली आणि मी शेगडीला पंख्यानं वारा घालू लागलो, कारण कोणीतरी घालायलाच हवा होता. एका बाईनं मला सांगितलं, भैया, लिंबू जादा, मसाला कम. मी लिंबू चोळून दिलं. तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, याला कुठं तरी पाहिलंय. तालुक्याचा पेटलेला माणूस निखारे पेटवत होता.

अर्ध्या तासानं आई म्हणाली, “हे बग रं, तुजा पाय.”

तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी कणीस टाकून धावलो. गाड्यांच्या भोंग्यांत कान मोबाइलला लावून ऐकलं. ‘जरा खाली. डावीकडं.’ मग माझा आवाज, ‘माफ करा हां साहेब.’ मग ‘जोर लावा कडू’. माझा स्वतःचा एवढा गयावया करणारा आवाज ऐकून एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी तो मला वकिलासारखा वाटला. हनुमंतनं ते माझ्या मोबाइलवर पाठवलं. मी लगेच स्नेहलला, गोरखरावांना आणि स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर पाठवून दिलं.

सोमवारी अकराला आम्ही मॅडमच्या दालनात उभे होतो. आई बाहेर बाकावर. वायकर माझ्या शेजारी, ताठ. मी त्यांना पहिल्यांदाच ताठ पाहत होतो, पण चेहरा वाकलेला. रेणुका मॅडम पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर त्यांनी त्या आठ सेकंदांच्या तुकड्यातलं एक चित्र छापून ठेवलं होतं, माझा पाय हवेत असलेलं. त्यांनी विचारलं, तुमचं काही म्हणणं?

माझं चार पानी म्हणणं खिशात होतं. मी ते काढलंच नाही. मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि सुरू केला.

दालनाचं दार उघडं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही. सबंध कार्यालयात टंकलेखनाचा आवाज थांबला. ‘सरकारी पाठ आहे, एवढ्यानं हलायची नाही’ हे वाक्य भिंतींवर आदळून परत आलं. बाहेर कोणीतरी खोकल्याचं नाटक केलं, मग खोकल्यांची साथच आली. वायकरांनी डोळे मिटले. मॅडम शेवटपर्यंत पाहत होत्या, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. संपल्यावर त्यांनी तो छापलेला कागद उलटा ठेवला.

मग वायकर बोलले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. “मॅडम, यांचा दोष नाही. मीच गळ घातली. हे लेखी मागत होते, मी दिलं नाही.” त्यांनी नोकरी जाईल असं मला फोनवर सांगितलं होतं, आणि तरी ते बोलले. मला त्या माणसाच्या पाठीला पुन्हा एकदा नमस्कार करावासा वाटला.

मॅडम वायकरांना म्हणाल्या, दोन दिवस रजा घ्या आणि हाडांच्या डॉक्टरला पाठ दाखवा, अभिलेख खोली त्यासाठी नाही. मला म्हणाल्या, मारहाण झालेली नाही असं पत्र तुमच्या शाळेला आजच जाईल. आणि तो ढोलवाला तुकडा पसरवणाऱ्यांना खरा पाठवून द्या, हसू दे लोकांना, पण खऱ्यावर हसू दे.

त्या उठल्या आणि एक हात कमरेवर ठेवला. मी एक पाऊल मागं सरलो. पण त्या फक्त मागच्या कपाटातून शिक्का काढत होत्या. त्यांनी माझा बोअरचा अर्ज पुढं ओढला, सर्व्हेचा अहवाल जोडण्याच्या अटीवर परवानगी लिहिली आणि शिक्का मारला. तो धप्प आवाज मला देवळातल्या घंटेसारखा ऐकू आला. हनुमंतचा अर्जही त्याच ढिगात होता. मी भीत भीत तो दाखवला. मॅडमनी तोही वर काढला.

सर्व्हेवाले पुढच्या आठवड्यात आले, यंत्र लावून गेले, आणि बोअरला पाणी लागलं. जागा निघाली नारळ थांबला होता तिथून बारा फुटांवर. बारा फूट म्हणजे जवळ की लांब, यावर सोसायटीत अजून वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही. मी आंघोळ करतो.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची गोष्ट. पत्र हातात घेऊन मी बाहेर आलो, आईला सगळं सांगितलं, आणि आम्ही रिक्षाची वाट पाहत कडुलिंबाखाली उभे राहिलो. माझ्या अंगातलं चार दिवसांचं ओझं उतरलं होतं. पाय हलके झाले होते. आईनं पदरानं तोंड पुसलं.

“आदिनाथ, एक सांगते, रागवू नगंस. पायाळू तू न्हाईस.”

“मग कोण?” मी विचारलं.

पायाळू होती माझी धाकटी बहीण सविता, शिरगावला दिलेली. पायाळू मानसावं ईज पडती म्हंत्यात, आई सांगू लागली. आसल्या पोरीला कोन आपल्या घरात घिईल? सुईन एकटीच हुती, तिला हाताजोडी केली, पर गावात कुनकुन लागलीच, म्हनून गावाला सांगितलं का पायाळू हाय त्यो थोरला, तुज्या कानावं मातर येऊ दिलं न्हाई. पोराला कोन इचारतंय? मग ते खरं दिसावं म्हणून ढग वाजले की ती मला घरात ओढायची आणि खोलीत कोंडायची. आणि लोकांना संशय येऊ नये म्हणून सविताला बाकीच्या पोरींबरोबर शेरडांमागं जाऊ द्यायची.

“तू आत रडायचास, बाहीर जाऊ दे म्हनून,” आई म्हणाली. “आन् म्या दारात उभी. ती डोंगरावनं दिसंपातूर जीव थाऱ्यावं नसायचा. तिचं लगीन झालं आन् मगच म्या ईज वाजताना बसून घेतलं. पर बोलून बोलून मलाच खरं वाटाया लागलं हुतं रं. त्या दिशी सभेत तोंडातनं निगून गेलं.”

मला रागावता आलं नाही. मी तिचा हात धरला, तो कोरडा आणि हलका होता. अकरा पाठी, एक वायकर, पंचवीस पत्ते, सगळं मनात एकदा येऊन गेलं, आणि मग मला हसू फुटलं. मी साधा माणूस होतो. डोक्याकडून जन्मलेला, चारचौघांसारखा. एवढा आनंद मला लिपिक परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता. आईही हसू लागली, डोळे पुसत.

रिक्षात बसल्या बसल्या मी सविताला फोन लावला. तिला सगळं सांगितलं, सुइणीपासून विजेपर्यंत. पलीकडं तिचा श्वास जोरात ऐकू येत होता. मला वाटलं ती रडतेय. मी विचारलं, सविता, ऐकतेस ना?

“ऐकते,” ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण त्यात मी कधी ऐकला नव्हता असा उल्हास होता. “दादा, आमच्या सासूबाईंची पाठ परवापासून धरलीय. आईला विचार, चप्पल काढावी लागते का?”